रॅम आणि कोठार

वीज अचानक जाते आणि मुलीनें तासभर खपून लिहिलेला निबंध टेबलावरील संगणकांतून नाहींसा होतो. आपण यंत्राला दोष देतों. पण रॅमचा तो स्वभावच आहे. १९६८ सालीं रॉबर्ट डेनार्ड यांस जिचें पेटंट मिळालें, त्या रचनेंत प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरांत विद्युद्भार असणें वा नसणें. हा भार सारखा झिरपतो. म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत तो पुन्हां भरावा लागतो. गळकी घागरच ती! वीज गेली, कीं भरणारा हात थांबला. ‘सेव्ह’ करणें म्हणजे तींच अक्षरें डिस्कवर उतरविणें; तेथें तीं विजेवांचून राहतात. दुकानदार मात्र दोहोंनाहि ‘मेमरी’च म्हणतो. मोबाइलच्या खोक्यावर ८ जीबी आणि १२८ जीबी असे दोन आंकडे दिसले, तर लहान आंकडा रॅमचा, मोठा कोठाराचा.