घर गहाण पडलं तेव्हा

कुडाळात रविवारी सकाळी पांढरे कपडे घातलेली, कमरेला रंगीत पट्टा बांधलेली पोरं दिसली की लोक म्हणतात, ‘कराटेवाले इले!’ त्यातले काहीजण तायक्वांदो शिकत असतात. पण हा कोरियन शब्द मालवणी जिभेवर अजून नीट बसायचा आहे. परवा शेजारच्या वहिनींनी मुलाला क्लासला धाडता धाडता मला विचारलं, ‘‘भावोजीनु, ह्येच्यातून फुडे काय होतला?’’

प्रश्न वाजवी आहे. दक्षिण इटलीतल्या मेसान्ये या छोट्या गावातल्या आयांनीही तो विचारला असेल. तिथल्या एकाच क्लबात, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली दोन मुलं वाढली. कार्लो मोल्फेत्ताने २०१२ साली लंडनला तायक्वांदोचं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलं. २०२१ मध्ये टोकियोत वीस वर्षांच्या व्हितो देल्लाक्विलाने दुसरं. गावातच शिकवणारा माणूस होता, सराव करायला जागा होती. चॅम्पियन घडायला आधी एवढं तरी लागतंच.

आपल्याकडे हे ‘एवढं तरी’ कोणी पुरवलं? घाट चढून कोल्हापूर आणि पुढे कराड गाठलं की जवळच गोळेश्वर आहे. खाशाबा जाधव तिथले, १९२६ सालचा जन्म. तालमीतल्या तांबड्या मातीत तयार झालेला हा गडी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा गादीवरची कुस्ती त्याला नवी होती. तरी सहावा आला. त्या खेपेला खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता.

१९५२ च्या हेलसिंकीची वेळ आली तेव्हा पुन्हा पैशाचं कोडं. सरकारदरबारी हात पसरून झाले, गावाने वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. पोटच्या पोरासाठी घर गहाण टाकणारे आपण पाहिलेत. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी टाकणारा हा एकच माझ्या ऐकण्यात आहे.

हेलसिंकीत जपानच्या इशीशी झालेल्या कुस्तीने खाशाबा थकून गेले होते. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी. पण लगेच रशियन मल्लासमोर उभं राहायचं फर्मान निघालं आणि त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं.

गावी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव लागलं ते २०१० साली.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी पदकाबद्दल काही विचारलं नाही. ‘‘त्या मास्तरांच्या घराचा काय झाला?’’ एवढंच विचारलं. हेलसिंकीहून परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशातून ते घर सोडवून दिलं.