पाव कोल्हापूर जमीन, तीनशे कोल्हापूर समुद्र

कागद-पेन्सिल घ्या, कॅल्क्युलेटर असेल तर तोही जवळ ठेवा. आज आपण मिळून एक अख्खा देश मोजायचा आहे. घाबरू नका, देश लहान आहे. निदान सुरुवातीला तरी तसं वाटेल!

मॉरिशस. क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटर. आपला कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटर. म्हणजे जिल्ह्याचे चार वाटे घाला, त्यातल्या एका वाट्यावर हा देश राजधानी, संसद, विमानतळ आणि डोंगरांसकट जवळजवळ बसतो. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. कोल्हापूर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतच ३८ लाख ७६ हजार माणसं होती. मुख्य बेटाची लांबी साधारण ६५ किलोमीटर. मुंबईहून पुण्याला निघालात तर खालापूरचा टोलनाका यायच्या आतच देश संपला, पुढे पाणीच पाणी! काळम्मावाडीची आपली थेट पाइपलाइन, जिची कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि जी २०२३ च्या दिवाळीत एकदाची आली, ती ५३ किलोमीटरची आहे. तीच पाइपलाइन तिथे टाकली तर देशाच्या एका टोकाकडून जवळजवळ दुसऱ्या टोकाला जाईल.

पाइपलाइनचा विषय निघालाच आहे, तर आधी पाणीच मोजू. मॉरिशसची सात मोठी जलाशयं मिळून साठा सव्वातीन टीएमसीच्या आत-बाहेर. आपलं एकटं राधानगरी ८.३६ टीएमसीचं. पावसाळ्यात आपण बातमी वाचतो की राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी, सातांतून जवळपास दहा हजार. हा प्रवाह जरा मॉरिशसकडे वळवून पाहू. त्या देशाची सातही जलाशयं कोरडी ठणठणीत असली तरी चार दिवसांच्या आत काठोकाठ भरतील! विहिरींच्या भाषेत सांगायचं तर आठ मीटर व्यासाच्या, बारा मीटर खोल अशा दीड लाख विहिरी. दीड लाख विहिरी म्हणजे खूप वाटतं ना? पण तेवढ्यावर शेती, हॉटेलं आणि साडेबारा लाख माणसं भागवायची, आणि त्यात नळातून जाणाऱ्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त गळतीत आणि हिशेबाबाहेर जातं. बेटाच्या चारी बाजूंना पाणी, आणि घरात मात्र नळाला वेळापत्रक.

आता आपल्या घरचा विषय, ऊस. १८५८ मध्ये या चिमुकल्या बेटावर साखरेचे २५९ कारखाने होते. दोनशे एकोणसाठ! आज उरलेत तीन. वर्षाची साखर साधारण सव्वादोन ते अडीच लाख टन. आपला कोल्हापूर विभाग, म्हणजे कोल्हापूर आणि सांगली, चांगल्या हंगामात दोन कोटी टनांहून जास्त ऊस गाळतो आणि पंचवीस लाख टनांच्या घरात साखर काढतो. चार महिन्यांचा हंगाम धरला तर मॉरिशसची वर्षभराची साखर आपल्याकडे दहा-बारा दिवसांत पोत्यात पडते.

पण त्या साखरेमागचं परराष्ट्र धोरण बघा. १९७५ च्या लोमे करारानं युरोपनं मॉरिशसची पाचेक लाख टन साखर दर वर्षी हमीभावानं घ्यायचं ठरवलं. देशाची जवळपास सगळी साखर एका सहीवर विकली गेली! तीसेक वर्षं त्या सहीवर शाळा उभ्या राहिल्या, दवाखाने उभे राहिले. आणि मग युरोपनं २००६ पासून चार वर्षांत भाव ३६ टक्क्यांनी उतरवला. छत्तीस टक्के! हे आपल्या भाषेत आणा. टनाला ३,४०० ची पहिली उचल धरा. ३६ टक्के कापले की हातात २,१७६. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दोनशे रुपयांच्या फरकासाठी चक्का जामची हाक दिली जाते. इथे बाराशेहून जास्त गेले, आणि अडवायला रस्ताही नाही, कारण भाव ठरला ब्रसेल्समध्ये.

ऊस आला कुठून, त्यापेक्षा ऊस तोडायला माणसं कुठून आली ते मोजू. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. महिन्याला पाच रुपये पगार, पाच वर्षांचा करार. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या वर माणसं त्या बेटावर गेली. एका रेल्वेगाडीत दीड हजार प्रवासी धरा. तीनशे गाड्या भरल्या! रोज एक गाडी सोडली तरी दहा महिने फलाट रिकामा व्हायचा नाही. ज्या आप्रवासी घाटावर ही माणसं बोटीतून उतरायची, तिथे दगडी पायऱ्या आहेत. फक्त सोळा. आजच्या मॉरिशसमधल्या दर तीन माणसांतली दोन या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आलेल्या मजुरांच्या, वंशातली. त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली आणि घाटावरची मंडळीही होती. मराठी वंशाची माणसं आज तिथे दोनेक टक्के. अख्खा मॉरिशसी मराठी समाज आपल्या खासबाग मैदानात बसवला तरी जागा उरेल. एवढ्या थोड्या माणसांचा गणपती, पण गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी!

मुंबई ते पोर्ट लुई अंतर साधारण ४,७०० किलोमीटर. मुंबई-पुणे एकतीस वेळा. एवढ्या लांबच्या या देशाचा आपल्याशी पैशाचा संबंध किती असावा? दम धरा. एप्रिल २००० ते मार्च २०२४ या काळात भारतात आलेल्या परदेशी भांडवली गुंतवणुकीतली जवळजवळ चौथाई मॉरिशसच्या दारातून आली. १७० अब्ज डॉलरहून जास्त! त्या देशाचं वर्षाचं उत्पन्न पंधरा अब्ज डॉलरच्या आसपास. म्हणजे सगळ्या देशानं अकरा वर्षं उपाशी राहून पै-पै साठवावी तेव्हा जमेल एवढी रक्कम. ८५ रुपये डॉलर धरला तर साडेचौदा लाख कोटी रुपये. पाचशेच्या नोटा एकापुढे एक अंथरत चला. मुंबई-पुणे झालं. परत मुंबई. परत पुणे. असे एकोणतीस हजार वेळा! किंवा चंद्रावर जाऊन परत या, पाच वेळा, आणि तरी खिशात नोटा उरतील. ही जादू १९८२ च्या करसवलतीच्या कराराची. पैसा मॉरिशसचा नव्हता, त्यांच्या दारावरून गेला एवढंच. पण दारावरून एवढी वरात गेली की मांडववाल्याचंही भलं होतंच. मे २०१६ मध्ये भारतानं करार दुरुस्त केला आणि वरात मंदावली. इथेही सही एकच.

इथवर सगळं जमिनीवरचं झालं. आता पेन्सिलीला टोक काढा, कारण आपण पाण्यात उतरतोय.

समुद्राच्या कायद्यानुसार किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतची मासळी, तेल, खनिजं त्या देशाची. दोनशे सागरी मैल म्हणजे ३७० किलोमीटर, जवळजवळ मुंबई-कोल्हापूर. समुद्राच्या मधोमध माणसं राहू शकतील असं एक छोटं बेट असू द्या. त्याच्याभोवती एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं की चार लाख चौरस किलोमीटरच्या वर पाणी आत येतं. मॉरिशसकडे अशी बेटं विखुरलेली आहेत. आपले हक्क धरून तो देश स्वतःचा समुद्र २३ लाख चौरस किलोमीटर सांगतो. तेवीस लाख! साडेसात महाराष्ट्र. भारताचा सगळा सागरी हक्क साधारण एवढाच आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या मापानं मोजलं तर जमीन पाव जिल्हा आणि समुद्र तीनशे जिल्हे!

शिवाय ३ लाख ९६ हजार चौरस किलोमीटरचा समुद्रतळ २०१२ च्या करारानं मॉरिशस आणि सेशेल्स सामाईक सांभाळतात. महाराष्ट्रापेक्षा मोठा तुकडा दोन शेजाऱ्यांनी कोर्टाची पायरी न चढता सामाईक ठेवला. आपल्याकडे भाऊबंदांत हातभर बांध कोरला तरी तीन पिढ्या तारखा चालतात.

सगळेच शेजारी मात्र असे नाहीत. ट्रोमलिन नावाचं बेट जेमतेम एक चौरस किलोमीटरचं, आपल्या रंकाळ्याएवढं. ते फ्रान्सच्या ताब्यात आहे आणि मॉरिशसचा त्यावर दावा आहे. रंकाळ्याएवढ्या वाळूसाठी दोन देश का भांडतात? त्याच्याबरोबर २ लाख ८० हजार चौरस किलोमीटर समुद्र येतो म्हणून. जवळजवळ महाराष्ट्र!

तिकडे उत्तरेला ११०० किलोमीटरवर मॉरिशसचंच अगालेगा. वस्ती साधारण तीनशे माणसांची. भारतानं तिथे तीन किलोमीटरची धावपट्टी आणि जेटी बांधून दिली. २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. भागाकार करा. माणशी दहा मीटर धावपट्टी! आपल्या उजळाईवाडीची धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास आणि जिल्हा ३८ लाखांचा. माणशी अर्धा मिलिमीटर. एवढ्या पट्टीवर अगालेगाकर तर उतरतीलच, हिंदी महासागरावर लक्ष ठेवणारी विमानंही उतरतील, हे सांगायला नको. दुसऱ्या पारड्यात चीन आहे. चीनशी मॉरिशसचा मुक्त व्यापार करार १ जानेवारी २०२१ ला लागू झाला, आणि भारताशी व्यापार करार १ एप्रिल २०२१ ला. तीन महिन्यांत दोन महासत्तांशी दोन सोयरिकी!

आणि आता चागोस. १९६५ मध्ये, स्वातंत्र्य देण्याआधी, ब्रिटननं ही बेटं मॉरिशसपासून तोडली आणि मोबदला दिला ३० लाख पौंड. तिथल्या दीड-दोन हजार माणसांना १९७३ पर्यंत हुसकावलं आणि त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला. पाव जिल्ह्याएवढ्या देशानं पन्नास वर्षं भांडण लावून धरलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत त्याच्या बाजूनं आलं, मग संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं, ११६ विरुद्ध ६! २२ मे २०२५ ला करारावर सह्या झाल्या. बेटं मॉरिशसची, तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, आणि भाडं सरासरी वर्षाला दहा कोटी दहा लाख पौंड. मंजुरीचं आणि लंडनच्या राजकारणाचं त्रांगडं वेगळं. आपण आकड्यावर राहू. वर्षाला साडेअकराशे कोटी रुपये. दिवसाला तीन कोटींच्या वर. दिएगो गार्सियाची जमीन साधारण तीस चौरस किलोमीटर, कोल्हापूर शहराच्या निम्मीसुद्धा नाही. तीन लाख गुंठे. भागा. गुंठ्याला वर्षाचं भाडं जवळपास चाळीस हजार रुपये! आपला शेतकरी गुंठ्याला टन ऊस काढला की मिशीला पीळ देतो, आणि हातात येतात तीन-साडेतीन हजार. आणखी एक भागाकार करा, महागाई क्षणभर बाजूला ठेवून. १९६५ मध्ये ज्या ३० लाख पौंडांत बेटं गेली, ती रक्कम या करारातलं किती दिवसांचं भाडं? अकरा दिवसांचं!

एवढा समुद्र राखायला सैन्य किती? शून्य. मॉरिशसला लष्करच नाही. पोलीस आणि त्यांचं तटरक्षक दल. त्यांची ‘बाराकुडा’ ही गस्ती नौका कोलकात्यात बांधलेली. एका नौकेनं ताशी चाळीस किलोमीटर वेगानं वीस किलोमीटरचा पट्टा बघत जायचं ठरवलं, तर सगळा समुद्र एकदा पाहायला रात्रंदिवस चार महिने लागतील. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ हे तीनशे मीटर लांबीचं जहाज प्रवाळावर चढलं आणि हजारेक टन तेल सांडलं, वीस हजार लिटरचे पन्नासेक टँकर. तेव्हा लोकांनी काय केलं? उसाचं पाचट पोत्यांत कोंबलं, पोती एकमेकांना शिवली आणि तेल अडवायला समुद्रात सोडली. भारतानं तीस टन सामग्री आणि तटरक्षक दलाची दहा माणसं विमानानं पाठवली.

आणि हे सगळं, २३ लाख चौरस किलोमीटर पाणी, भारत, चीन, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका, ठरवणारे मतदार किती? दहा लाख! एकट्या कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात २०२४ ला १९ लाखांहून जास्त मतदार होते. आपल्या एका खासदाराच्या निम्मे मतदार तिथे थेट ६२ खासदार निवडतात, खासदारामागे सोळा हजार. एवढ्या लहान मैदानात वारं फिरलं की पुरतं फिरतं. मुख्य बेटावरच्या साठपैकी साठ जागा एकाच बाजूला, असं १९८२ ला झालं, १९९५ ला झालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसऱ्यांदा झालं! तेव्हा मतं होती साधारण ६१ टक्के. पराभूतांतल्या आठजणांपर्यंत संसदेत घ्यायची सोय मात्र त्यांनी घटनेतच करून ठेवली आहे.

त्या २०२४ च्या निवडणुकीआधी चोरून ऐकलेले फोन बाहेर फुटले. सरकारनं समाजमाध्यमं बंद करायचा आदेश काढला, लगेच मागे घेतला, आणि नऊ दिवसांत घरी गेलं. नव्या सरकारलाही सुख नाही. कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८० टक्क्यांवर. साठी ओलांडली की सरसकट पेन्शन मिळायची, २०२५ मध्ये महिना पंधरा हजार मॉरिशस रुपये, म्हणजे आपले पंचवीस हजारांहून जास्त. आपली श्रावणबाळ योजना दीड हजारांची. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात पेन्शनचं वय टप्प्याटप्प्यानं साठवरून पासष्ट करायचं ठरलं, आणि लोक रस्त्यावर आले.

साखरेच्या भावावर ते रस्त्यावर आले असते तर ब्रसेल्सनं ऐकलं नसतं. पेन्शनवर मात्र ऐकावंच लागतं, कारण तिथे एका खासदारामागे सोळाच हजार मतदार आहेत. तेव्हा मॉरिशसची जाहिरात पुढच्या वेळी दिसली की किनारा बघाच, पण नकाशाही उघडा आणि त्या ठिपक्याभोवतीचं पाणी एकदा स्वतः मोजून पाहा.