प्रतिपिंडांचे कोडे डीएनएला विचारणारा संशोधक

माणसाच्या पेशीत प्रथिनांचे आराखडे सांभाळणारी जनुके आहेत साधारण 20 हजार. प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, हीसुद्धा प्रथिनेच. पण ती अब्जावधी प्रकारची होऊ शकतात. निसर्गात कधीच नसलेले, प्रयोगशाळेत बनवलेले रसायन प्रथिनाला जोडून टोचले तरी प्राण्याच्या शरीरात त्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार होते. मग एवढी जनुके येतात कुठून? सगळी जन्मतःच असतात, असे काही शास्त्रज्ञ म्हणत. मोजकीच मिळतात आणि पुढे बदलतात, असे इतर म्हणत. दोन्ही बाजू मुख्यतः प्रथिनांच्या रचनेवरून अनुमाने काढत होत्या, त्यामुळे वाद संपत नव्हता. तो संपला सुसुमू तोनेगावा या जपानी संशोधकामुळे. माझ्या मते त्याचे कारण एकच: त्यांनी हा प्रश्न प्रथिनाला न विचारता थेट डीएनएला विचारला.

1939 साली नागोयात जन्मलेले तोनेगावा क्योतो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, कॅलिफोर्नियात डॉक्टरेट मिळवून रेनातो डुलबेको यांच्या प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करू लागले. प्रतिकारशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. व्हिसाच्या अटीमुळे अमेरिका सोडावी लागली, आणि डुलबेको यांच्या सुचवण्यावरून 1971 मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या नव्या प्रतिकारशास्त्र संस्थेत दाखल झाले. तिथे नोबुमिची होझुमी यांच्यासह त्यांनी केलेला प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला. उंदराच्या भ्रूणाचा डीएनए आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या अर्बुदपेशींचा डीएनए त्यांनी एकाच विकराने कापला, तुकडे आकारानुसार वेगळे केले आणि प्रतिपिंडाच्या साखळीची जनुके कोणत्या तुकड्यावर आहेत ते किरणोत्सारी आरएनए वापरून शोधले. भ्रूणात साखळीच्या, प्रतिपिंडागणिक बदलत्या भागाचे आणि स्थिर भागाचे जनुक वेगवेगळ्या तुकड्यांवर सापडले. अर्बुदपेशीत दोन्ही एकाच तुकड्यावर. म्हणजे मधल्या काळात पेशीने स्वतःचाच डीएनए कापून नव्याने जोडला होता. पुढे उलगडले की बदलता भागही अखंड नसतो, तो दोन-तीन प्रकारच्या लहान खंडांतून जुळवला जातो. प्रतिपिंडाच्या जड आणि हलक्या साखळ्यांपैकी जड साखळीसाठी माणसाकडे असे खंड सुमारे 40, 23 आणि 6 आहेत. नुसत्या गुणाकाराने साडेपाच हजार जोड्या होतात. त्यात हलक्या साखळीच्या जोड्या, सांध्यावर होणारी डीएनएच्या अक्षरांची भर-घट आणि नंतरची उत्परिवर्तने मिळवली की अब्जांचे कोडे उरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी 1965 सालीच सुचवले होते की बदलत्या आणि स्थिर भागांची जनुके वेगळी असतात व नंतर एकत्र येतात. डीएनए ठरावीक जागी कापणारी विकरेही तोनेगावांनी शोधलेली नव्हती. मग 1987 चे वैद्यकाचे नोबेल एकट्या त्यांनाच का? या क्षेत्रात इतरही जोमाने काम करत होते, तेव्हा एकट्याला दिलेल्या मानाबद्दल वाद होऊ शकतो. परंतु ड्रायर-बेनेट यांची कल्पना अकरा वर्षे कल्पनाच राहिली होती. पेशीचा डीएनए आयुष्यभर जसाच्या तसा राहतो हा समज पक्का होता आणि तो तर्काने हलणारा नव्हता. तुकडे दाखवावे लागले.

बाहेरून आलेल्याला जास्त दिसते, एवढाच निष्कर्ष यातून कोणी काढला तर तो मला पटत नाही. 1981 मध्ये एमआयटीत गेल्यावर तोनेगावा प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरकडे वळले. आता ते या विषयातले मुरलेले तज्ज्ञ होते, तरी त्या रिसेप्टरच्या बीटा साखळीचे जनुक 1984 मध्ये मार्क डेव्हिस आणि टाक माक यांच्या गटांनी आधी मिळवले. त्याच वर्षी तोनेगावांच्या गटाला त्याच्या दुसऱ्या, अल्फा साखळीचे म्हणून जे जनुक सापडले, ते भलतेच निघाले. त्याला गॅमा नाव पडले. खरे अल्फाही पाठोपाठ मिळाले. पण त्या चुकलेल्या नेमामुळेच टी-पेशींच्या एका वेगळ्या, तोवर अज्ञात वर्गाची वाट उघडली. इथेही जनुकच आधी हाती आले होते, ते वापरणाऱ्या पेशी नंतर सापडल्या. 1990 च्या दशकात तोनेगावांनी प्रतिकारशास्त्र मागे टाकले आणि एकेक जनुक निकामी केलेल्या उंदरांवर स्मरणशक्तीचा अभ्यास सुरू केला.