घरापुढचा डांबरी रस्ता : पिंपात काय आहे ते आधी विचारा

पानिपतच्या लढाईच्या स्मृतिदिनी, 14 जानेवारीला, काला अंबला आलात की इथलं धुकं आणि गारठा कळतो. या दिवसांत घरापुढच्या डांबरी रस्त्यावर सीलकोट मारू नका, असं मी सगळ्यांना सांगतो. पाण्यातलं इमल्शन थंड, दमट हवेत नीट वाळत नाही. ऑक्टोबर किंवा मार्च बरा.

आता माल कोणता? आपण दोन वेगळ्या वस्तूंना डांबर म्हणतो : एक दगडी कोळशापासूनचं, दुसरं खनिज तेलापासूनचं, म्हणजे बिटुमेन. कोळशाच्या डांबराचा थर पेट्रोल-तेलाला दाद देत नाही. पण तो झिजला की धूळ चपलांबरोबर घरात येते, आणि तिच्यात कर्करोगकारक द्रव्यं असतात. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 2006 पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. घरात रांगतं मूल असेल तर बिटुमेन इमल्शनच घ्या. तेलाचे डाग पडले तर पडू देत.

आधी भेगा भरा, रस्ता धुऊन वाळवा. मग रबरी वायपरनं दोन पातळ थर द्या. पहिला तपकिरी थर काळा होऊन वाळला, की दुसरा. गाडी निदान 24 तास बाहेर ठेवा. आणि हो, सीलकोटनं खड्डा बुजत नाही. तो आधी खडी-डांबरानं भरून घ्या.