हटून बसलेला स्क्रू

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला आणि बडोद्याच्या कित्येक वस्त्यांत पाणी शिरलं. नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर आठवडाभरातच गणपती आले. दरवर्षीप्रमाणे आम्ही आत्याकडे गेलो, तर सोसायटीच्या आवारात मोटारसायकली आणि स्कूटर ओळीनं उघड्या पडलेल्या. कुणी सीट वाळवतंय, कुणी इंजिनातलं ऑइल काढतंय. ते ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत होतं, म्हणजे आत पाणी गेलेलं. गॅरेजमध्ये विचारावं तर ‘पंधरा दिवसांनी या’ हेच उत्तर.

आतेभावाची नोकरी मकरपुऱ्याला. मोटारसायकल हँडलपर्यंत पाण्यात होती. ऑइल बदलून, प्लग पुसून त्यानं ती सुरू केली, पण पुढचा डिस्क ब्रेक दाबला की लिव्हर स्पंजासारखा आत जायचा. ब्रेक ऑइल एरवीही हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून तर ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. त्यात पाणी मिसळलं, की जोरात ब्रेक लावताना होणाऱ्या उष्णतेनं त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. तेव्हा ते बदलणं भागच होतं.

हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण दोन छोट्या फुलीच्या स्क्रूंनी बसवलेलं असतं. गॅरेजमध्ये त्यांना ‘स्टार’ म्हणतात. आतेभावानं घरातला डिसमिस आणला. (बडोद्यात स्क्रू ड्रायव्हर म्हटलं तर लोक तोंडाकडे बघतात. गुजरातीतला हा ‘डिसमिस’ तिथल्या मराठी घरांनी कधीच आपलासा केलाय.) त्यानं जोर लावला, डिसमिस सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. पाच मिनिटांत फुलीच्या जागी गुळगुळीत वाटी झाली.

“अरे, राहू दे आता, गणपतीत कशाला हे?” आत्या म्हणाली.

“आई, सोमवारी कामावर कसा जाऊ?” तो म्हणाला, आणि पुन्हा डिसमिस उचलला. मी तो त्याच्या हातून काढून घेतला.

आपल्याकडची बरीचशी चूक इथेच होते. स्क्रू निघत नाही म्हणून आपण मनगटाचा जोर वाढवतो. वास्तविक फुलीच्या खाचेच्या भिंती किंचित उतरत्या असतात. फिरवण्याचा जोर वाढला, की डिसमिसचं टोक त्या उतारावरून वर सरकतं आणि निघताना कडा खरवडून नेतं. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांच्या नावानं ओळखला जाणारा हा स्क्रू १९३६ मध्ये कॅडिलॅक मोटारींत वापरात आला. जपानी कंपन्यांच्या फुलीची घडण मात्र थोडी वेगळी. तिच्या माथ्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. आपल्याकडे १९८४ पासून जपानी घडणीच्या शंभर सीसीच्या मोटारसायकली रस्त्यावर आल्या आणि त्यांच्याबरोबर हे स्क्रूही आले. त्यांत साधा फिलिप्स डिसमिस नीट तळाला बसत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं कारण गंजाचं. स्क्रू पोलादाचा आणि ज्यात तो बसलाय ती डबी ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले, की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगून बसते. पुराच्या गढूळ पाण्यानं ते काम झटपट केलेलं.

इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचा स्क्रू असा अडला, तर झाकण कोमट करणं उपयोगी पडतं. उष्णतेनं ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं. पण ब्रेक ऑइल किंवा पेट्रोलच्या आसपास ज्योत नेण्याचा विचारही करू नये.

आम्ही गंज सोडवणारं स्प्रेचं तेल आणायला दांडिया बाजाराकडे गेलो. वाटेत कलाभवन लागलं. सयाजीरावांनी १८९० मध्ये ते सुरू केलं, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य. हातानं करायच्या विद्या आपल्या भाषेतून शिकवाव्यात हा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके छायाचित्रणाचं तंत्र इथेच शिकले. त्या इमारतीवरून जाताना, एक स्क्रू काढता न येणारे आम्ही दोघे पदवीधर जरा गप्पच होतो.

घरी येऊन खाचेतली माती सेफ्टी पिननं उकरली, तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी दुकानदारानं दिलेला जाड, बोथट न झालेला स्टार खाचेत सरळ उभा धरला आणि वरून हातोडीनं दोन-तीन हलके ठोके दिले. ठोक्यानं आट्यांतली भुकटी सुटते आणि टोकही खोल बसतं. मग सगळा भार खाली देत हळूच फिरवलं. एक स्क्रू ‘कट्’ आवाज करून सुटला.

दुसऱ्याची पार वाटी झाली होती. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये धरून पाहिला, कधीकधी त्यानं पकड मिळते. नाही मिळाली. बारीक छिन्नीनं कडेला खाच पाडून उलट्या दिशेनं ठोकलं, तेही व्यर्थ. हँडलचा भाग नाजूक, तिथे यापेक्षा मोठे घाव घालायची छाती झाली नाही. शेवटी शेजारच्या काकांचं ड्रिल आणलं. टाकी आणि दिवा फडक्यांनी झाकून घेतला, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्यानं धुवावं लागतं. स्क्रूच्या दांड्याएवढ्या जाडीचं टोक लावून फक्त डोकं उडवलं. झाकण अलगद वर आलं आणि खाली स्क्रूचं बोटाच्या पेराहूनही लहान खुंट उरलं. ते व्हाइस ग्रिपमध्ये पकडून फिरवलं, तर काल रात्रीपासून हटून बसलेलं ते पठ्ठं दोन वेढ्यांत बाहेर! डोक्याचा दाब गेला, की आट्यांची पकड सैल होते.

डबीत धातूचा कीस पडलेला असणार, म्हणून ती पुसून काढली. आतलं ऑइल गढूळ तपकिरी होतं. झाकणावर कोरलेला ‘डॉट’चा क्रमांक पाहून त्याच जातीची सीलबंद बाटली आणली. जुने स्क्रू टाकून एलन-कीनं फिरणारे स्टेनलेसचे बसवले, आट्यांना नखाएवढं ग्रीस लावून आणि फक्त दोन बोटांच्या जोरानं. नळीतली हवा काढण्याचं काम मात्र आम्ही केलं नाही. गाडी ढकलत चौकातल्या मिस्त्रीकडे नेली. झाकण आधीच मोकळं आहे म्हटल्यावर त्यानं रांग सोडून तेवढं करून दिलं.

सोमवारी आतेभाऊ निघाला, तेव्हा आत्या फाटकापर्यंत आली. “आधी गल्लीतच ब्रेक लावून बघ,” ती म्हणाली. त्यानं गल्लीत दोनदा ब्रेक लावून दाखवला आणि मगच वळणावरून दिसेनासा झाला.