राजवाड्यातली पाल

ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" उन्हात तापलेल्या खडकावर चार-पाच तपकिरी, गुबगुबीत जनावरं पोट टेकून पसरली होती. मी लिहिलं, "घूस." लगेच उत्तर आलं, "घूस म्हणणाऱ्या तुम्ही अकराव्या."

त्या अकराव्या नंबरामुळे मी गेले. गुरुजी एका डोंगरी तालुक्यात बायबलच्या जुन्या कराराचं तिथल्या बोलीत भाषांतर करणाऱ्या गटात आहेत, एवढं मला ठाऊक होतं. धर्मप्रचाराबद्दल माझ्या मनात जुनी अढी आहे. ती पिशवीत घालूनच एसटीत बसले.

काम चालतं ते दूध संकलन केंद्राच्या वरच्या खोलीत. खालून आंबूस वास सतत वर येतो आणि दुपारी तर तो डोक्यात बसतो. टेबलाभोवती चौघं होती. गुरुजी, लॅपटॉपवरचा पोरगा, हिब्रू शिकलेले एक केरळी सल्लागार आणि मावशी. मावशींना वाचता येत नाही, आणि त्यांचं काम तेच आहे. पोरगा एक ओळ वाचतो. मावशी ती ऐकून आपल्या शब्दांत परत सांगतात. सांगताना काही हरवलं किंवा नवीन घुसलं तर ओळ फसली. मग गावात वाचन, मग उलट भाषांतर, मग सल्लागारांची तपासणी. भिंतीवर कागदाचा तक्ता आहे, झालेला शब्द हिरवा, अडलेला पिवळा.

मला वाटलं होतं, देव, पाप, पवित्र असल्या शब्दांवर घोडं अडत असेल. ते सगळे चौकोन केव्हाच हिरवे झाले होते. पिवळ्यात होते उंदीर, पाली, टोळ आणि तो फोटोतला.

तो म्हणजे शाफान. इंग्रजीत जुन्या भाषांतरकारांनी त्याला 'कोनी' म्हटलं, म्हणजे ससाच. जर्मनमध्ये ल्यूथरने सशाच्याच जातीत बसवला. जेरोमच्या लॅटिन स्तोत्रांत तो काटेरी हेजहॉग होऊन बसला. इंग्रज आणि जर्मन भाषांतरकारांच्या देशात शाफान नव्हताच, म्हणून ज्याने त्याने आपल्या अंगणातलं जनावर त्याच्या जागी उभं केलं. मृत समुद्राकाठी एन गेदीला मात्र तो आजही खडकांवर ढिगाने ऊन खात पडलेला असतो. इंग्रजीत हायरॅक्स म्हणतात. वजन तीन-चार किलो, पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन, तळवे मऊ आणि कायम ओलसर, त्यामुळे उभ्या खडकावरही पाय सुटत नाही. कळपातला एकजण उंचावर बसून पहारा देतो. नात्याने तो उंदरापेक्षा हत्तीला जवळचा.

"हत्तीला?" मावशींनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. "मग शेपूट कुठंय?"

शेपूट दिसत नाहीच. सल्लागारांनी तसं सांगितलं. मावशींनी फोन उलटा टेबलावर ठेवला. शेपूट नसलेलं जनावर त्यांना मान्य नव्हतं.

'ससा' लिहून मोकळं व्हावं तर लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात शाफानाच्या पुढच्याच ओळीत खरा ससा बसलेला आहे. 'घूस' लिहावी तर घूस शेताच्या बांधात बिळं करते, आणि स्तोत्रात शाफानाचं घर खडकात आहे. त्यातून पुन्हा ग्रंथ म्हणतो की शाफान रवंथ करतो. प्राणिशास्त्र म्हणतं, करत नाही, नुसता जबडा आडवा हलवत बसतो. सल्लागार इथे थोडे अवघडले. मावशी म्हणाल्या, "आमची म्हातारीपण दिवसभर तोंड हलवते. लांबून बघणाऱ्याला रवंथच." पोरग्याने 'रवंथ' टाइप केलं. एवढ्या वादातला तेवढाच शब्द दोन मिनिटांत हिरवा झाला.

चहाच्या वेळी गुरुजींची कळी खुलते. त्यांना ग्रंथातल्या नावांचं वेड आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला प्रसंग ते रंगवून सांगतात. मंदिरात नियमशास्त्राची पोथी सापडते आणि योशीया राजा आपली माणसं हुल्दा नावाच्या भविष्यवादिनीकडे पाठवतो. त्या माणसांत एक अखबोर, एक शाफान. "अखबार म्हणजे उंदीर. शाफान हा आपला. आणि हुल्दा म्हणजे चिचुंदरीच्या वळणाचं काहीतरी. उंदीर आणि शाफान मिळून चिचुंदरीकडे सल्ला मागायला गेले!" आम्ही हसलो. त्यांनी लगेच बोट वर केलं. "हसू नका. आपल्यात घोरपडे नाहीत? लांडगे, कोल्हे, वाघ नाहीत? आणि एज्रामध्ये पारोशाचा वंश आहे. पारोश म्हणजे पिसू. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले किती? दोन हजार एकशे बहात्तर."

हा आकडा ते दिवसातून चारदा तरी सांगत. २१७२. रात्री मी गुरुजींच्या ओसरीवर गोधडी अंगावर घेऊन झोपले आणि पहाटे तीनला उठून बसले. पारोशाचा वंश परत आला होता. मोजले नाहीत, पण गुरुजींच्या आकड्यावर अविश्वास दाखवायला मला काही कारण सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेवीयमधली आठ जणांची यादी निघाली. जमिनीवर सरपटणारे, अशुद्ध मानलेले आठ: होलेद, अखबार, त्साव, अनाका, कोआह, लेताआ, होमेत, तिन्शेमेत. विद्वानांचं डोकं दुखवणारी ही यादी आहे, कारण यातली निम्मी नावं ग्रंथात एकदाच येतात, आणि एकदाच आलेल्या शब्दाला साक्षीदार नसतो. आजच्या हिब्रूवर विसंबावं तर तीही दगा देते. आज तिथे त्साव म्हणजे कासव. पण अरबीतला त्याचा सख्खा भाऊ 'दब्ब' म्हणजे काटेरी शेपटीचा सांडा. गावोगावच्या बाजारात ज्याचं तेल विकतात तोच. तिन्शेमेत हा शब्द तर याच अध्यायात दोनदा येतो, एकदा पक्ष्यांत आणि एकदा सरपटणाऱ्यांत. मुळाशी श्वास घेण्याचा धातू आहे. पक्ष्यांतलं घुबड समजतात, आणि सरपटणारा बहुधा घोयरा सरडा, जो अंग फुगवून फुसफुसतो.

सल्लागार एकेक चित्र टेबलावर ठेवत गेले. मावशी पत्ते ओळखावेत तशा नावं घेत गेल्या. चिचुंदरी. उंदीर. सांडा. घोरपड. सरडा. सापसुरळी. घोयरा. ज्या यादीवर युरोपात शतकानुशतकं वाद झाले ती इथे चहा निवायच्या आत संपत आली. शहरात वाढलेल्या मला सापसुरळी आणि सरडा यांतला फरक चित्रावरून सांगता आला नसता. मावशी म्हणाल्या, "सापसुरळीचं अंग तेल लावल्यागत चमकतं, दिसत नाही का?"

राहिली ती अनाका. हिचा धातू कण्हण्याचा, सुस्कारा टाकण्याचा. जुन्या इंग्रजीत हिचं मुंगसासारखं काहीतरी केलं आहे. सल्लागार म्हणाले की आवाज करणारा सरडा असं पुष्कळजण मानतात. तेवढ्यात (मी हे रचून सांगत नाही, आणि मराठी घरात हे कधीही घडू शकतं) ट्यूबलाइटच्या पट्टीमागून पाल चुकचुकली. मावशींनी सवयीने टेबलाच्या लाकडावर बोटं वाजवली, "कृष्ण कृष्ण" म्हणाल्या आणि मग सल्लागारांकडे बघून ओशाळल्या. सल्लागार हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

याच अध्यायात पुढे, यातला एखादा मेलेला जीव भांड्यात पडला तर काय करायचं, ते आहे. मातीचं भांडं फोडायचं. लाकडी भांडं, कापड, कातडं, पोतं संध्याकाळपर्यंत पाण्यात. भट्टीवर पडला तर भट्टी मोडायची, आणि 'किरायिम'सुद्धा. या शब्दाचं रूप द्विवचनी आहे, दोन भांडी ठेवायची चूल. इंग्रजीत दोन-तीन शब्दांची मोळी बांधावी लागते. मावशी म्हणाल्या, "चूल आणि वैल." सल्लागारांना वैल माहीत नव्हता. त्यांना समजावायला मावशी खुर्चीवरून उठल्या, जमिनीवर उकिडव्या बसल्या आणि बोटाने फरशीवर रेघ ओढून दाखवली. इथे जाळ, इथून धग जाते, इथे आमटी मंद राहते. अडीच हजार वर्षांपलीकडचं कोणाचं तरी स्वयंपाकघर त्या फरशीवर बसलं. मला दोन दिवसांतलं काय आठवतं विचाराल तर ते बोट आधी आठवतं.

गावातल्या वाचनाबद्दल मात्र गुरुजी जरा दबकत बोलले. घोरपड अशुद्ध, हे ऐकल्यावर एक म्हातारे उठून गेले होते. त्यांच्या बापजाद्यांनी घोरपड खाल्ली आहे. आता कायद्याने तिला मारणं गुन्हा आहे, त्यात वर हे. माझी अढी इथे पुन्हा डोकं वर काढते. शब्द जितका नेमका बसेल तितका तो माणसाला जाऊन लागेल. धूसर भाषांतरात म्हातारे बसून राहिले असते.

मराठीला हे काम नवीन नाही. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून काढलं, कारण कोकणातले बेने इस्रायल ज्यू मराठी बोलत होते. केडगावला पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या, ग्रंथ १९२४ साली निघाला, आणि छपाईचं काम त्यांच्या मुक्ती सदनातल्या बायकांनी केलं. त्यांच्यातल्या कोणी खिळे जुळवताना 'शाफान'पाशी थांबून विचारलं असेल का, याला शेपूट असतं का म्हणून?

मुंगीचा प्रश्न सुटायला पुणं कामाला आलं, हे मला तिथेच कळलं. नीतिसूत्रांत मुंगी उन्हाळ्यात धान्य साठवते. युरोपातले पंडित म्हणत, मुंगी धान्य साठवतच नाही, नीतिसूत्रं सांगणारा शलमोन राजा चुकला. थंड देशातल्या मुंग्या बघून काढलेला निष्कर्ष. इंग्रज फौजेतल्या कर्नल साइक्सने पुण्यात मुंग्यांना पावसात भिजलेले गवताचे दाणे वारुळाबाहेर वाळत घालताना पाहिलं आणि १८३०च्या दशकात ते छापलं. मुंगीच्या नावात त्याने 'प्रोव्हिडेन्स' घातलं, पुढचं बघणारी. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "वाळत घालणारच की. नाहीतर मोड येतील."

शेवटच्या दुपारी नीतिसूत्रांचा तिसावा अध्याय. पृथ्वीवरचे चार लहान पण शहाणे जीव. मुंग्या, शाफान, टोळ आणि सेमामीत. टोळांना राजा नाही तरी रांगेने निघतात. ही ओळ पोरग्याने वाचली तशी मावशींनी मान हलवली. २०२०च्या मे महिन्यात विदर्भात उतरलेली टोळधाड सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. सेमामीतवर गाडी थांबली. जुन्या इंग्रजीत ती कोळी आहे. ग्रीक आणि लॅटिनने मात्र पालीच्या जातीचंच काहीतरी म्हटलं होतं, आणि आजच्या हिब्रूतही सेमामीत म्हणजे पाल. नाव हिरवं झालं. अडलं क्रियापद. हिब्रूत त्या जागी 'तू धरतोस' आणि 'ती धरते' यांचं रूप एकच. म्हणजे एक तर पाल हातांनी धरून चालते आणि राजवाड्यात असते, किंवा पालीला तू हातात धरू शकतोस, तरी ती राजवाड्यात असते.

सल्लागारांचं म्हणणं पक्कं होतं. बाकी तिघांच्या बाबतीत आधी दुबळेपणा, मग शहाणपण. मुंगीला बळ नाही तरी, शाफान बलवान नाही तरी, टोळांना राजा नाही तरी. मग पालीलाही आधी दुबळेपणाच हवा.

मावशी ऐकून घेत होत्या. मग त्यांनी उजवा हात समोर धरला, पाचही बोटं ताणून फाकवली आणि भिंतीवर पंजा टेकवला. "पालीला हातात कोण धरतं, साहेब? शेपूट सोडून पळते ती. तीच धरते. हे असं." हात भिंतीवरच होता. भांडी घासून नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, करंगळी थोडी वाकडी. पट्टीवरची पाल आणि तो पंजा यांच्यात हातभर अंतर होतं.

मला सल्लागारांचा मुद्दा पटला आणि मत मावशींना द्यावंसं वाटलं. शेवटी 'तू धरू शकतोस' ओळीत गेलं, मावशींचं तळटीपेत. मावशींनी तळटीप म्हणजे काय ते विचारलं. गुरुजी म्हणाले, "खाली, बारीक अक्षरात." मावशी म्हणाल्या, "म्हणजे वैलावर."

महिन्याभराने गुरुजींचा फोन आला. शाफानाला त्यांनी आता 'खडकातला शाफान' केलंय, पण गावात वाचल्यावर चौघांनी विचारलं, हा दिसतो कसा? चौकोन पिवळाच आहे. मग फोन मावशींकडे गेला. खालच्या दुधाच्या कॅनांचा खडखडाट ऐकू येत होता. मावशी म्हणाल्या, "बाई, नीट बघितलंत का पुन्हा? फुटलं का त्याला शेपूट?"