नळीतलं रक्त आणि कॉटरीची वीज

घोणस चावलेल्या माणसाची एक तपासणी अगदी साधी असते. त्याचं थोडं ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त अजून पातळच वाहत असेल, तर विषानं त्याची गोठण्याची ताकद संपवली आहे. मानोऱ्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात ही गोष्ट घराघरात माहीत हवी.

हे गोठणं म्हणजे कोॲग्युलेशन. फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन रक्तात कायम विरघळलेलं असतं. जखम होताच रक्तातले घटक एकामागून एक कामाला लागतात, शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि फायब्रिनोजेनचे धागे बनतात. त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात. घोणस सापाचं विष हीच साखळी अंगभर एकदम सुरू करतं. फायब्रिनोजेन खर्ची पडतं, आणि मग खऱ्या जखमेसाठी काही उरत नाही. गोठण्याच्या अतिरेकातून न गोठणारं रक्त! केवढं विलक्षण, आणि केवढं भयंकर.

ऑपरेशनमध्ये विजेच्या उष्णतेनं रक्त थांबवतात, त्या डायथर्मीत मात्र शरीराची ही साखळी लागतच नाही. ऑपरेशन थिएटरात डायथर्मीला ‘कॉटरी’ म्हणतात. घरची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, कॉटरीची काही लाख वेळा. इतक्या वेगाला आपल्या नसा आणि स्नायू प्रतिसादच देत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. बारीक टोकाशी वीज एकवटते आणि तिथली पेशी तापते. मांडीवर चिकटवलेल्या रुंद प्लेटमधून तीच वीज पसरून परतते, म्हणून तिथं भाजत नाही. टोकाशी प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट होतात आणि बारीक रक्तवाहिनी बंद होते.

१ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनमध्ये सर्जन हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांचं कॉटरीचं यंत्र वापरून डोक्यातली एक गाठ काढली. रक्तस्रावामुळे तीच शस्त्रक्रिया त्यांना आधी अर्धवट सोडावी लागली होती.

यंत्राच्या निळ्या पेडलला ‘कोॲग’ म्हणतात, पिवळ्याला ‘कट’. घोटाळा होतो तो या ‘कोॲग’मुळे. तुटक सोडलेली ती वीज एक वाहिनी बंद करते, रक्ताला गोठायला शिकवत नाही. सर्पदंशात अंगभर बिघडलेलं रक्त सावरायला विषाचा उताराच लागतो, म्हणजे प्रतिविषाची सलाईन.

म्हणून साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. आणि ऑपरेशन ठरलं असेल, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल किंवा छातीतल्या पेसमेकरबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा.